एसीवरचे स्टार नेमके ठरतात कसे?

एसी घ्यायला दुकानात गेलं की सेल्समन आधी टन विचारतो आणि मग स्टारवर येतो. 'फाइव्ह स्टार घ्या, बिल कमी येईल.' पण हे स्टार ज्या आकड्यावरून ठरतात, तो लेबलवर छापलेला असूनही बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तो आकडा म्हणजे आयएसईईआर.

हा आहे साधा भागाकार. हंगामभरात एसीने खोलीतली किती उष्णता बाहेर काढली, भागिले त्यासाठी किती वीज खाल्ली. आकडा ५ असेल तर एका युनिट विजेत पाच युनिट उष्णता बाहेर गेली.

एकाच्या बदल्यात पाच कसे? यात जादू काही नाही. एसी थंडावा 'तयार' करत नाही. तो हमाल आहे. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि वीज ही त्याची हमाली. बाहेरच्या युनिटमधून एकूण सहा युनिट उष्णता बाहेर पडते, पाच खोलीतली आणि एक विजेची.

या हमालीला मर्यादा आहे. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्ये मांडलेल्या विचारातून ती काढता येते. आत २७ अंश, बाहेर ३५ अंश असेल तर ही मर्यादा ३७ च्या वर जाते! मग एसी पाचावरच का अडकतो? कारण उष्णता वाहती राहण्यासाठी आतली कॉइल खोलीपेक्षा बरीच गार आणि बाहेरची कॉइल हवेपेक्षा बरीच गरम लागते. ढोबळमानाने १० आणि ५० अंश धरले, तर तीच मर्यादा सातपर्यंत घसरते. त्यात कॉम्प्रेसर आणि पंख्यांचं नुकसान आलंच. इन्व्हर्टर एसी इथेच बाजी मारतो. तो संथ चालतो तेव्हा दोन्ही कॉइलमधला फरक कमी होतो आणि तेवढ्याच विजेत जास्त उष्णता बाहेर जाते.

मोजतात कसं?

एक पद्धत फार सुंदर आहे. प्रयोगशाळेत दोन बंदिस्त खोल्या असतात. 'आतली' २७ अंशांवर, 'बाहेरची' ३५ वर. एसी सुरू करतात आणि त्याच वेळी आतल्या खोलीत हीटर लावून ओलावाही सोडतात. तापमान हलेनासं झालं की समजायचं, आत जेवढी उष्णता सोडली जातेय, तेवढीच एसी बाहेर काढतोय. म्हणजे एसीचं माप हीटरच्या मीटरवर वाचायचं!

पूर्वी ३५ अंशांवरच्या एका मोजणीवरून स्टार मिळत. जानेवारी २०१८ पासून आयएसईईआर बंधनकारक झाला. त्यात २४ ते ४३ अंशांपर्यंतच्या तापमानांत विभागलेले वर्षाचे १६०० तास धरतात. लेबलवरचे वार्षिक युनिट याच हिशेबाचे. रोज आठ तास धरले तर हे २०० दिवस झाले. रात्रंदिवस एसी चालणाऱ्या घराचं बिल त्यात बसणार नाही.

हा हिशेब अख्ख्या देशासाठी एकच आहे. नागपूरचा ४५ अंशांचा मे त्यात नाही आणि मुंबईचा घामटपणाही वेगळा धरलेला नाही. दमट हवेत एसीची बरीच ताकद पाणी काढण्यात जाते. नळीतून बादलीत पडलेल्या प्रत्येक लिटर पाण्यामागे साधारण ०.७ युनिट उष्णता एसीने उपसलेली असते.

फरक किती पडतो? तेवढ्याच थंडाव्यासाठी ३.८ च्या एसीला १०० युनिट लागत असतील तर ५ च्या एसीला ७६ पुरतात.

आणि एक गंमत. स्टारची पट्टी मधूनमधून वर सरकते. आयएसईईआर ४.५ असलेला स्प्लिट एसी २०१८ च्या तक्त्यात फाइव्ह स्टार होता. जुलै २०२२ च्या तक्त्यात तोच फोर स्टार झाला, कारण पाचव्या स्टारसाठी किमान ५ लागू लागले. त्यामुळे सेलमधला जुना स्टॉक किंवा सेकंडहँड एसी घेताना ताऱ्यांची तुलना फसवते. त्याऐवजी दोन्ही लेबलांवरचा आयएसईईआर शेजारी ठेवून पाहावा.