अमृतांजन पुलाचा न काढलेला फोटो

परवा जुनी हार्ड डिस्क साफ करायला बसलो, तर 'खंडाळा' नावाचे अकरा फोल्डर निघाले! धबधबे, धुकं, राजमाची पॉइंट, भिजलेले मित्र, मक्याची कणसं.. सगळं आहे. अमृतांजन पुलाचा फोटो मात्र एकच, तोही बसच्या ओल्या काचेतून आणि हललेला. पुणे-मुंबई इतक्या वेळा केलं, पण त्या काळपट दगडी कमानींचा काय फोटो काढायचा? पूल काय पळून जातोय!

गेला की. 5 एप्रिल 2020 ला, लॉकडाउनमुळे एक्स्प्रेसवे रिकामा असताना, स्फोट घडवून पाडला. त्या खांबांपाशी गाड्या तुंबायच्या, अपघात व्हायचे, त्यामुळे पाडला याबद्दल तक्रार नाही. तक्रार माझ्या अकरा फोल्डरांबद्दल आहे.

मग त्या परिसराबद्दल वाचायला लागलो. तिथे जवळच पूर्वी रेल्वेचं रिव्हर्सिंग स्टेशन होतं. चढ इतका अवघड, की गाडी डोंगराच्या टोकाशी थांबायची, इंजिन सोडून मागच्या बाजूला जोडायचे आणि मग गाडी उलट्या दिशेने पुढचा घाट चढायची. 1863 मध्ये सुरू झालेली ही कसरत 1929 पर्यंत चालली.

हा रेल्वेमार्ग बांधायचं कंत्राट 1859 मध्ये सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज माणसाकडे आलं. भारतात येऊन काही आठवडे होतात न होतात तोच तो आजाराने गेला. त्याची बायको ॲलिस सरळ इंग्लंडला परत गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण बाईने कंत्राट स्वतःकडे घेतलं, दोन इंजिनियर नेमले आणि काम पुरं करवलं. आणि या सगळ्यात तिने घाटातल्या कामाचे फोटो काढले! त्या काळी काचेवर रसायन लावायचं आणि ती ओली असतानाच फोटो घेऊन धुवायचा. म्हणजे डोंगरात काळोखी खोली सोबत न्यायची. आम्ही मेमरी कार्ड भरलं म्हणून कुरकुरतो. असो.

तिच्या समोर 'पॉइंट' नव्हते. उकरलेला डोंगर, बोगदे, पूल. तेव्हा बघणाऱ्याला कंटाळवाणंच वाटलं असणार. आज तो घाट कसा घडला हे बघायचं तर तेच फोटो उघडावे लागतात.

1861 मध्ये तिथे 42 हजारांवर माणसं राबत होती. कॉलरा आणि अपघातांत हजारो मेली. त्यांची नावं कुठे नाहीत. घाटाची वाट दाखवणारा शिंग्रोबा धनगर तेवढा दंतकथेत उरलाय. वाट दाखवली आणि साहेबाने त्यालाच गोळी घातली असं सांगतात. खरंखोटं कोण सांगणार, पण त्याचं देऊळ जुन्या रस्त्यावर आहे आणि ड्रायव्हर लोक जाताना हात जोडतात.

गेल्या शनिवारी मुद्दाम एक्स्प्रेसवे सोडून जुन्या रस्त्याने गेलो. देवळाचे फोटो काढले, मग कडेच्या एका दगडी कठड्याचे. शेवाळलेला, मध्येच तुटलेला. त्याला काही इतिहास आहे की नाही देव जाणे. वीसेक फोटो झाल्यावर गाडीतून मित्र ओरडला, "अरे भिंतीचं लग्न आहे का? कणीस गार होतंय!"

म्हटलं, तूच खा. अजून पलीकडची बाजू राहिली होती.