वडसाच्या रुळांनी ठरवलेली जमीन

मालवाहतुकीची वाट आणि जमिनीचा वापर यांचा निर्णय एकत्र व्हावा, ही मागणी आज नवी म्हणून मांडली जाते. वैनगंगेकाठच्या वडसाचा, म्हणजे देसाईगंजचा, इतिहास पाहिला तर असा मेळ इथे शंभर वर्षांपूर्वीच घातला गेला होता असे दिसते. १८७८च्या वन कायद्याने सरकारने राखीव जंगलावर हक्क बसवला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून नागभीड-चांद्याकडे अडीच फुटी मार्ग टाकला. जंगल आणि रूळ या दोन्हींमागे एकच सत्ता होती. म्हणून लाकूड, बांबू आणि धान बैलगाडीने स्टेशनाकडे येऊ लागले. मालधक्क्याभोवती बाजार आणि धानगिरण्या वाढल्या. आरमोरीसारखी जुनी पेठ रुळांपासून दूर राहिली. या मेळात ज्याला जागा नव्हती तो गावकरी होता. त्याचा निस्तार, म्हणजे घरासाठी बांबू आणि जळण घेण्याचा परंपरागत हक्क, सरकारी सवलत होऊन बसला.

यावर कोणी म्हणेल, रेल्वे नसती तर धानाला बाजार मिळाला नसता आणि टंचाईत धान्यही पोहोचले नसते. हे खरे आहे, आणि वडसाची भरभराट त्याची साक्ष देते. पण रुळाचा उपयोग मान्य केला म्हणून त्यामागची जमिनीची वाटणी न्याय्य ठरत नाही. रूळ एकदा पडले की आसपासच्या जमिनीचे भवितव्य पिढ्यान्‌पिढ्या ठरते. म्हणूनच ते टाकण्यापूर्वी तिथल्या लोकांना विचारायला हवे.

स्वातंत्र्यानंतर एक सत्ता जाऊन अनेक खाती आली आणि जुना मेळही सुटला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी वडसासह गडचिरोली जिल्हा झाला तेव्हा मुख्यालय वडसाच्या रुळांपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर राहिले. गोंदिया-चांदा मार्ग १९९०च्या दशकात रुंद झाला, पण वडसा-गडचिरोली हा सुमारे ५२ किलोमीटरचा फाटा वनजमीन आणि भूसंपादनाच्या अडचणींत वर्षानुवर्षे रेंगाळला. दरम्यान जिल्ह्याच्या दक्षिणेला सुरजागडचे लोहखनिज ट्रकांवर चढले आणि आलापल्ली-आष्टीच्या रस्त्यांवर त्याचा भार पडला. खाण एका खात्याने मंजूर करायची, रस्ता दुसऱ्याने, जंगल तिसऱ्याने. शेवटी धूळ आणि अपघात गावाच्या वाट्याला.

रेल्वे आली की जंगलाची लूट वाढेल, ही भीतीही रास्त आहे. तिचे उत्तर फाटा न करणे हे नव्हे, कारण ट्रक थांबत नाहीत. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक हक्क दिले आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळवून दाखवला. माल कुठून, किती आणि कोणाच्या सहीने निघावा हे ग्रामसभा ठरवू शकते, याचा तो पुरावा आहे. २०२५ मध्ये वडसावरूनच जाणाऱ्या गोंदिया-बल्लारशा या २४० किलोमीटर मार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्राने मंजुरी दिली. आता धक्का, गोदाम, रस्ता आणि वनजमीन यांचा एकच आराखडा करून तो ग्रामसभांपुढे आधी ठेवावा. जुन्या मेळात ज्यांची संमती घेतलीच नाही, त्यांच्याशिवाय नवा मेळ घालण्याचा अधिकार आज कोणालाही नाही.