न दिसणाऱ्याची चित्रे: युरोपातील प्रतीकवादी चित्रकला

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत युरोपात जी चित्रकला प्रतीकवादी म्हणून ओळखली गेली, तिची ठरलेली अशी शैली नव्हती. कोणी जडावाच्या दागिन्यासारखे बारीक काम करी, कोणी रंगांचे सपाट पट्टे लावी, तर कोणी नुसत्या कोळशावर भागवी. या सर्वांना जोडणारा धागा म्हणजे एक नकार: डोळ्यांना दिसते तेवढेच चित्राने सांगावे, हे त्यांना मान्य नव्हते.

त्या काळात वास्तववादी चित्रकार शेतकरी आणि मजूर रंगवत होते. १८७४ पासून स्वतःची प्रदर्शने भरवणारे दृक्प्रत्ययवादी पाण्यावरचा आणि पानांवरचा बदलता प्रकाश टिपत होते. दोघांचाही विषय बाहेरचे जग हाच होता. स्वप्न, भीती, वासना, मृत्यू यांना त्यात फारशी जागा नव्हती. ही उणीव कवींनी आधी बोलून दाखवली. १८ सप्टेंबर १८८६ रोजी झाँ मोरेआस याने पॅरिसच्या ‘ल फिगारो’ या दैनिकात प्रतीकवादाचा जाहीरनामा छापला. तो साहित्यापुरता होता. चित्रकलेची बाजू मांडली आल्बेर ओरिए या तरुण समीक्षकाने, मार्च १८९१ मध्ये चित्रकार पॉल गोगँवर लिहिलेल्या लेखात. चित्राचे काम कल्पना व्यक्त करणे हे आहे आणि चित्रातल्या वस्तू म्हणजे त्या कल्पनेच्या केवळ खुणा, असा त्याचा दावा होता. पुढच्याच वर्षी, वयाच्या २७व्या वर्षी, तो वारला.

चित्रे मात्र सिद्धान्ताची वाट पाहत थांबली नव्हती. ग्यूस्ताव्ह मोरोने १८७६ मध्येच सालोमेची कथा जलरंगांत रंगवली होती. बायबलमध्ये संत योहानाचे छाटलेले शिर थाळीतून आणले जाते. मोरोच्या चित्रात ते प्रभावळीसह हवेत तरंगते, त्यातून रक्त गळते आणि सालोमे त्याच्याकडे बोट रोखते. मोरोने मोगल लघुचित्रांचाही अभ्यास केला होता. ‘अलेक्झांडरचा विजय’ या मोठ्या चित्रात त्याने पुस्तकांच्या आणि छायाचित्रांच्या आधारे भारताचे कल्पित दृश्य उभे केले. या देशात तो कधी आला नव्हता.

बोर्दोचा ओदीलाँ रदाँ याची वाट अगदी वेगळी. चाळिशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. १८७९ मध्ये ‘स्वप्नात’ हा त्याचा शिलामुद्रणांचा पहिला संच निघाला आणि १८८२ मध्ये एडगर ॲलन पो याला वाहिलेला दुसरा. त्यातले एक चित्र एकदा पाहिले की विसरत नाही: आकाशात चढणारा फुगा, तोच एक प्रचंड वर वळलेला डोळा. रदाँची कल्पना अशी भरकटलेली वाटली तरी तिचा पाया भक्कम होता. आर्माँ क्लावो या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राने त्याला सूक्ष्मदर्शकाखालचे जग दाखवले होते, आणि त्याचे विचित्र जीव खरोखर जगू शकतील असे वाटतात ते त्यामुळेच. १८९० नंतर तो रंगांकडे वळला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने फुलांच्या आणि झाडांच्या सान्निध्यातला बुद्ध वारंवार रंगवला.

प्रतीके तर जुन्या चित्रकलेतही होती. तराजू म्हणजे न्याय, कवटी म्हणजे मृत्यू, हे पाहणाऱ्याला ठाऊक असे. नवे चित्रकार अर्थ असा बांधून द्यायला तयार नव्हते. या दोहोंच्या सीमेवर इंग्लंडच्या जी. एफ. वॉट्सचे ‘आशा’ (१८८६) हे चित्र उभे आहे. पृथ्वीगोलावर एक स्त्री बसली आहे, तिच्या डोळ्यांवर पट्टी आहे आणि हातातल्या वाद्याची एकच तार शाबूत आहे. शीर्षक काढून घेतले तर ही निराशाही ठरू शकते. चित्राचे बळ नेमके या संदिग्धतेत आहे.

गोगँने १८८८ मध्ये ब्रिटनीतल्या पाँताव्हेन येथे रंगवलेल्या ‘प्रवचनानंतरचे दर्शन’ या चित्रात पांढऱ्या टोप्या घातलेल्या शेतकरी बायका बायबलमधला याकोब आणि देवदूत यांची झुंज पाहतात. जमीन लालभडक आहे. मध्ये आडवे आलेले झाडाचे खोड बायकांचे जग आणि त्यांना दिसणारे दृश्य वेगळे करते. गोगँने हे चित्र जवळच्या चर्चला देऊ केले. पाद्र्याने ते नाकारले. त्याचा निर्णय चुकला खरा, पण अनाकलनीय म्हणता येत नाही.

पॅरिसबाहेर ही लाट वेगाने पसरली. स्वित्झर्लंडच्या आर्नोल्ड ब्योक्लिनने ‘मृतांचे बेट’ १८८० ते १८८६ मध्ये पाच वेळा रंगवले. जावात जन्मलेल्या यान टोरोपच्या ‘तीन वधू’ (१८९३) मध्ये जावाच्या छायाबाहुल्यांचे लांब हात दिसतात. नॉर्वेच्या एडव्हार्ट मुंकची ‘किंकाळी’ त्याच वर्षाची. खुद्द पॅरिसमध्ये जोझेफँ पेलादाँने १८९२ पासून सहा वर्षे गूढवादी चित्रांची प्रदर्शने भरवली. त्याच्या नियमांत स्त्री चित्रकारांना प्रवेश नव्हता. चित्रांत मात्र सालोमे, स्फिंक्स, मेदुसा अशा स्त्रियांची रेलचेल होती. या प्रतीकांत गूढतेपेक्षा पुरुषांची धास्ती अधिक आहे, हे आज लपत नाही.

विसाव्या शतकात घनवाद आणि अमूर्त चित्रकलेच्या झोतात यातले पुष्कळसे मागे पडले, आणि बऱ्याच चित्रांचे मागे पडणे योग्यही होते. भडक नाट्य आणि उसनी गूढता यांनी ती भरली होती. फिनलंडच्या ह्यूगो सिंबर्गचे ‘जखमी देवदूत’ (१९०३) मात्र टिकले. दोन गंभीर मुले डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या देवदूताला डोलीसारख्या स्ट्रेचरवरून नेत आहेत. त्याचा अर्थ सांगायला सिंबर्गने नकार दिला. २००६ मध्ये हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयाने घेतलेल्या मतदानात फिनलंडच्या लोकांनी त्याच चित्राला राष्ट्रीय चित्र म्हणून निवडले.