तीनशे डॉलरचा कायदा आणि न्यूयॉर्कचा जुलै १८६३

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामीविरुद्ध झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेमुळे उत्तर अमेरिकेतील सगळा गोरा समाज कृष्णवर्णीयांच्या बाजूने होता, असा समज आपल्या अनेक कार्यकर्त्यांत दिसतो. तसे नव्हते. अर्पणपत्रिकेच्या दहाच वर्षे आधी, यादवी युद्ध सुरू असताना, उत्तरेतल्याच न्यूयॉर्क शहरात चार दिवस कृष्णवर्णीयांची शिकार झाली.

३ मार्च १८६३ रोजी सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. २० ते ४५ वयाच्या पुरुषांची नावे चिठ्ठ्या टाकून काढायची होती. मात्र ३०० डॉलर भरले किंवा बदली माणूस दिला की सुटका. ३०० डॉलर म्हणजे साध्या मजुराची जवळपास वर्षभराची कमाई. वर्गीय विषमता कायद्यात इतकी उघड, किमतीसकट लिहिलेली क्वचितच सापडते.

या कायद्याचा फटका बसणाऱ्यांत आयरिश स्थलांतरित मोठ्या संख्येने होते. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळाने ते देशोधडीला लागलेले. गोदीत ओझी वाहणे, खोदकाम, घरकाम अशीच कामे त्यांच्या वाट्याला येत आणि तीच कामे कृष्णवर्णीयही करत. संप झाला की मालक कृष्णवर्णीय मजूर आणून तो फोडत. गोऱ्यांच्या बऱ्याच मजूर संघटनांत मात्र कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, हे विसरून चालणार नाही. त्यात १ जानेवारी १८६३ च्या लिंकनच्या मुक्ती जाहीरनाम्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षाची वृत्तपत्रे सांगत सुटली की, मुक्त झालेले गुलाम येऊन तुमची भाकरी हिसकावतील.

सोमवारी १३ जुलैला जमावाने थर्ड अ‍ॅव्हेन्यूवरील भरती कचेरी जाळली. सुरुवातीचे लक्ष्य सरकार, पोलीस आणि श्रीमंतांची घरे होते. पण त्याच दुपारी फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचा कृष्णवर्णीय मुलांचा अनाथाश्रम लुटून पेटवला गेला. आतली दोनशेहून अधिक मुले मागच्या दाराने बाहेर काढली, म्हणून वाचली. त्या चार दिवसांत किमान ११ कृष्णवर्णीय पुरुषांना जमावाने ठार केले. काहींना दिव्याच्या खांबाला लटकवले, मृतदेहांचीही विटंबना केली. अखेर लष्कर आणावे लागले. नोंदवलेले एकूण मृत्यू सुमारे १२०, त्यांत बरेचसे दंगलखोरच होते.

या भरतीच्या चिठ्ठ्यांत कृष्णवर्णीयांची नावे नव्हती. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाने त्यांना नागरिकच मानले नव्हते. न्यूयॉर्क राज्यात मत द्यायचे तर कृष्णवर्णीय पुरुषाकडे २५० डॉलरची मालमत्ता असावी लागे. गोऱ्याला ती अट नव्हती. कायदा केला एकाने, सवलत घेतली दुसऱ्याने आणि जीव गेला तिसऱ्याचा.

अभ्यासवर्गात आम्हाला नेहमी विचारले जाते, मूळ प्रश्न वर्गाचा की वंशाचा? नुसत्या वर्गाने अनाथाश्रम का जळला ते कळत नाही. नुसत्या वंशद्वेषाने दंगल भरती कचेरीवरच का सुरू झाली ते कळत नाही. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५ च्या ग्रंथात दक्षिणेतील गोऱ्या मजुरांबद्दल लिहिले की, अपुऱ्या मजुरीला जोड म्हणून त्यांना गोरेपणाची मानसिक ‘मजुरी’ मिळत असे. बाबासाहेबांच्या श्रेणीबद्ध विषमतेच्या मांडणीशी हे ताडून पाहावे. प्रत्येक पायरीला खाली कोणीतरी आहे, म्हणून वरच्याविरुद्ध एकजूट होत नाही. याच डू बॉइस यांच्याशी बाबासाहेबांनी १९४६ साली पत्रव्यवहार केला होता.

दंगलीनंतर शहराने गरीब गोऱ्यांच्या सुटकेसाठी पैसा उभा केला. जुलै १८६४ मध्ये ३०० डॉलरची सवलतही जवळजवळ रद्द झाली. कृष्णवर्णीय कुटुंबे मात्र शहर सोडून गेली. १८६० मध्ये मॅनहॅटनमध्ये ते १२ हजारांवर होते, १८६५ मध्ये १० हजारांहून कमी उरले.