तारीख आठवत नाही? वार धरा अन् आठवडे मागे मोजा. पेरणी, गाभण जनावर, सोनोग्राफीचा हिशोब असा लावा

परभणी : पेरणी कधी केली, गाय कधी भरवली, बाई किती दिवसांची गरोदर आहे, असं विचारलं की गावाकडं उत्तर ठरलेलं असतं. ‘झाले असतील दोन-अडीच महिने.’ बोलण्यात हे चालतं, कागदावर चालत नाही. तिथं दिवस, महिना, वर्ष लिहावं लागतं. तारीख विसरली तरी बहुतेकांना वार आठवतो, कारण बाजाराचा दिवस डोक्यात पक्का असतो. वार आणि मधले आठवडे माहीत असले की नेमकी तारीख निघते. महिना कधी ३० चा, कधी ३१ चा, फेब्रुवारी २८ किंवा २९ चा. आठवडा मात्र कायम सात दिवसांचाच.

मोजायचं कसं?

१) आजची तारीख आणि वार लिहा.
२) तारखेतून सात वजा करा. तो झाला एक आठवडा मागे. असंच पुढं चालू ठेवा.
३) वजाबाकीत आकडा शून्य किंवा त्याच्या खाली गेला, तर मागच्या महिन्याचे दिवस त्यात मिळवा.

उदाहरण घ्या. २२ सप्टेंबर २०२५ ला सोमवार होता. पेरणी १३ आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी झाली होती. सप्टेंबरमध्ये मागे येताना १५, ८, १. एकातून सात गेले की उणे सहा, त्यात ऑगस्टचे ३१ मिळवले की २५ ऑगस्ट. मग १८, ११, ४. पुढं २८ जुलै, २१, १४, ७. मग ३० जून आणि तेरावा सोमवार २३ जून. पेरणीची तारीख २३ जून २०२५.

वजाबाकी नको असेल तर मोबाईलमधलं कॅलेंडर उघडा. एक वार एकाच उभ्या रांगेत असतो. बोट सरळ वर न्यायचं, एक घर म्हणजे एक आठवडा.

सणावरून ताळा करा

निघालेली तारीख एखाद्या सणाशी लावून बघा. २०२५ ची आषाढी एकादशी ६ जुलैला, रविवारी होती. त्याआधीचा पहिला सोमवार ३० जून, दुसरा २३ जून. ‘एकादशीच्या आधीचा दुसरा सोमवार’ असं घरच्यांना आठवत असेल तर हिशोब बरोबर. मात्र सणाची तारीख दरवर्षी बदलते, म्हणून त्याच वर्षाचं कॅलेंडर बघा.

‘आठ दिवस’ म्हणजे सात दिवस

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. सोमवार ते सोमवार आपण ‘आठ दिवस’ म्हणतो, कारण दोन्ही सोमवार मोजतो. खरं अंतर सातच दिवसांचं. ‘पंधरा दिवस’ म्हणजेही बहुतेक वेळा चौदा. वरच्या उदाहरणात १३ आठवड्यांना आठनं गुणलं तर १०४ दिवस होतात आणि पेरणी थेट १० जूनला जाते. खरे दिवस ९१. कृषी विद्यापीठाचा एमएयूएस ७१ सारखा सोयाबीनचा वाण साधारण ९५ ते १०० दिवसांत काढणीला येतो. म्हणजे चुकीच्या हिशोबानं पीक काढणीच्या पुढं गेलं, खऱ्या हिशोबानं अजून बाकी आहे. बियाणं उगवलं नाही म्हणून तक्रार करायची असो की ई-पीक पाहणीत लागवडीचा दिनांक भरायचा असो, तिथंही हा १३ दिवसांचा फरक अंगलट येतो.

सोनोग्राफीचे आठवडे कुठून मोजतात?

समजा, १० ऑक्टोबर २०२५, शुक्रवारच्या रिपोर्टवर ‘१८ आठवडे ४ दिवस’ लिहिलंय. अठरा शुक्रवार मागे गेलं की ६ जून येतो. आणखी चार दिवस मागे, २ जून. ही तारीख गर्भ राहिल्याची नाही. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. गर्भ साधारण त्यानंतर दोन आठवड्यांनी राहतो, म्हणजे इथं १६ जूनच्या आसपास. त्यातही काही दिवस मागं-पुढं होतात.

हे माहीत नसल्यानं घरात नको ते संशय उभे राहतात. नवरा पुण्याला कंपनीत होता, १४ जूनला गावी आला आणि रिपोर्टवरून तारीख निघाली २ जून, म्हणून कुणी बाईकडं बोट दाखवत असेल तर चूक मोजणाऱ्याची आहे, बाईची नाही. शिवाय सोनोग्राफीचे आठवडे हा अंदाज असतो. पहिल्या तीन महिन्यांत त्यात आठवडाभराचा, तर शेवटच्या तीन महिन्यांत दोन-तीन आठवड्यांचाही फरक पडू शकतो. म्हणून पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट जपून ठेवा. शंका असेल तर डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारा, भावकीत चर्चा नको.

बाळंतपणाची अंदाजे तारीख पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवड्यांनी, म्हणजे २८० दिवसांनी येते. २ जून धरला तर ९ मार्च २०२६.

गाई-म्हशीचं मोजमाप वेगळं

जनावराचे दिवस भरवल्याच्या किंवा कृत्रिम रेतनाच्या दिवसापासूनच मोजतात. गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस, हा जुना हिशोब बऱ्यापैकी बरोबर आहे. आठवड्यांत सांगायचं तर गाय साधारण ४०, म्हैस साधारण ४४. रेतनाची तारीख नीट असली तर विण्याच्या दोन महिने आधी जनावर वेळेवर आटवता येतं.

जुनी तारीख काढायची असेल तर

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला, गुरुवारी पहाटे झाला. गावात अजूनही ‘विसर्जनाच्या रात्री’ असंच म्हणतात, पण रात्री बारानंतर तारीख आणि वार दोन्ही बदलतात, हे लक्षात ठेवा. घरातली म्हातारी माणसं सांगत असतील, ‘भूकंपानंतरच्या तिसऱ्या बाजाराला पोरगा झाला’ आणि बाजार सोमवारचा असेल, तर सोमवार येतात ४, ११ आणि १८ ऑक्टोबर. जन्म १८ ऑक्टोबर १९९३ चा. अर्थात हा हिशोब जुनी नोंद शोधायला कामाचा, तो स्वतः पुरावा होत नाही.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, म्हणजे बरोबर तीन आठवडे. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही. म्हणून पेरणी, रेतन, पाळी, बाळंतपण, जे असेल ते त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावं. नवीन वर्ष लागलं तरी जुनं कॅलेंडर वह्यांना कव्हर घालायला फाडू नये.