कर्मचारी-मौन प्रश्नावली
कामाच्या ठिकाणी दिसलेली चूक, धोका वा सुचलेली सुधारणा जाणूनबुजून वरिष्ठांपासून राखून ठेवणे, यास संघटनात्मक मानसशास्त्रात कर्मचारी-मौन म्हणतात. लिन व्हॅन डाइन, सून आंग व इझाबेल बोतेरो यांनी इ.स. २००३ मध्ये हेतूंनुसार त्याचे तीन प्रकार मांडले: सांगून उपयोग नाही म्हणून पत्करलेले, भीतीपोटी बाळगलेले आणि इतरांच्या हितासाठी पाळलेले. मिखाएल क्नॉल व रॉल्फ व्हॅन डिक यांनी इ.स. २०१३ मध्ये संधिसाधू मौनाची भर घातली.

अशी प्रश्नावली अन्य भाषेत नेताना रिचर्ड ब्रिस्लिन यांची इ.स. १९७० मधील उलट-भाषांतर पद्धत रूढ आहे. मूळ मजकूर न पाहिलेला दुसरा भाषांतरकार विधाने पुन्हा मूळ भाषेत आणतो व दोन्ही पाठ ताडले जातात. मात्र शब्द जुळले तरी अर्थ जुळतोच असे नाही. मराठीतील 'गप्प राहणे' यात धाकही येतो आणि अदबही. म्हणून नव्या भाषिकांकडून उत्तरे घेऊन, विधाने अपेक्षित प्रकारांतच गटवारी करतात का, हे पुष्टिकारक घटक विश्लेषणाने तपासतात. क्रॉनबाखचा अल्फा गुणांक केवळ अंतर्गत सुसंगती दाखवतो; तो उच्च असला म्हणजे प्रश्नावली वैध ठरली, हा समज चुकीचा आहे. शिवाय भीतीने गप्प असलेला कर्मचारी प्रश्नावलीतही मोकळेपणाने उत्तर देईलच असे नसल्याने निनावीपणाची हमी येथे विशेष महत्त्वाची ठरते.