स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे कोण?



मे महिना लागला की अमेरिकेतल्या आपल्या घरांत फ्रिजवर एकसारखे कागद चिकटलेले दिसतात. अवॉर्ड नाइटचं आमंत्रण, ऑर्केस्ट्राचा वर्षअखेरचा कार्यक्रम, पाचवीचा निरोप समारंभ, बारावीचं ग्रॅज्युएशन. कुणाच्या लॉनवर 'आमच्या घरी यंदाचा ग्रॅज्युएट राहतो' अशी पाटी लागते. आजी-आजोबा भारतातून येणार असतील तर त्यांची तिकिटंसुद्धा याच तारखा बघून काढलेली असतात. आपल्याकडच्या गॅदरिंगची आणि बक्षीस समारंभाची आठवण करून देणारा हा मोसम आहे.

या सगळ्या आमंत्रणांवर वरच्या कोपऱ्यात एक नाव छापलेलं असतं, आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टचं. घर शोधताना आपण बहुतेकांनी हा शब्द ऐकला आणि तेव्हाच त्याचा अर्थ ठरवून टाकला: चांगलं डिस्ट्रिक्ट म्हणजे चांगली शाळा, आणि त्यासाठी घराला मोजायचे जास्तीचे पैसे. आज मला तुम्हाला या शब्दाची जुनी गोष्ट सांगायची आहे. ती ऐकल्यावर यंदाच्या समारंभात बसताना तुम्हाला ते सभागृह थोडं वेगळं दिसेल, अशी आशा आहे.

सुरुवात करूया १६४७ सालापासून. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज जेमतेम सतरा वर्षांचे होते. इकडे मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत एक कायदा झाला. ज्या गावात पन्नास कुटुंबं असतील त्या गावानं मुलांना लिहा-वाचायला शिकवणारा एक शिक्षक नेमावा, आणि कुटुंबं शंभर झाली की वरच्या शिक्षणाची शाळा काढावी. हेतू धार्मिक होता, लोकांना बायबल स्वतः वाचता यावं हा. पण त्यातून एक पायंडा पडला. शाळेची जबाबदारी दूरच्या राजावर किंवा एखाद्या श्रीमंत दात्यावर न पडता गावातल्या लोकांवर पडली.

पुढे वस्ती पसरली. गावाच्या मध्यावरची शाळा शेतांवर राहणाऱ्या मुलांना लांब पडू लागली, तेव्हा लोकांनी आपापल्या भागात छोट्या शाळा काढल्या. मॅसॅच्युसेट्सनं १७८९ मध्ये अशा भागांना कायद्यानं मान्यता दिली. आपण आज ज्याला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतो त्याचं मूळ इथे आहे: एका शाळेत चालत जाऊ शकतील एवढ्या मुलांचे शेजारी. त्याच्या चारच वर्षं आधी, १७८५ मध्ये, पश्चिमेकडच्या नव्या जमिनीची आखणी करताना प्रत्येक टाउनशिपचे छत्तीस चौकोन पाडायचं ठरलं. प्रत्येक चौकोन एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. त्यातला सोळा नंबरचा चौकोन शाळेसाठी राखून ठेवला गेला. तुमच्यापैकी कुणी ओहायो, इलिनॉय किंवा मिशिगनमध्ये राहत असाल, तर तुमच्या भागाच्या जुन्या नकाशावर तो सोळावा चौकोन शोधून बघा. मुलांबरोबर शनिवारी दुपारी करण्यासारखा उद्योग आहे.

जमीन राखली म्हणजे शाळा चालली असं नाही. एका खोलीच्या त्या शाळेत शेगडीसाठी लाकूड घराघरातून यायचं. शिक्षकाला किंवा शिक्षिकेला पगार तुटपुंजा, म्हणून अनेक ठिकाणी त्यांनी आळीपाळीनं एकेका विद्यार्थ्याच्या घरी राहायचं, तिथेच जेवायचं. हे ऐकताना तुम्हाला साताऱ्याची आठवण झाली असेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी घरोघरच्या बाया जात्यावर दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. लाकडाची मोळी काय किंवा धान्याची मूठ काय, दोन्हींचा अर्थ एकच होता. ही शाळा आमची आहे, कारण ती आम्ही चालवतो.

आता समारंभाकडे वळूया, कारण त्याची मुळंही याच एका खोलीत आहेत. सत्र संपलं की संध्याकाळी सगळा परिसर शाळेत जमायचा. मुलं पाढे म्हणायची, भाषणं करायची, नकाशावर नद्या दाखवायची. हिवाळ्याच्या रात्री स्पेलिंगचे सामने व्हायचे आणि त्यात मोठी माणसंही उतरायची. एडवर्ड एगलस्टन यांच्या १८७१ मधल्या 'द हूझियर स्कूलमास्टर' या कादंबरीत अशा सामन्याचं वर्णन आहे, आणि त्या पुस्तकानंतर स्पेलिंगच्या सामन्यांचं वेड देशभर पसरलं. करमणूक होतीच. पण त्याचबरोबर तो हिशोबही होता. आपण दिलेल्या पैशांचं आणि लाकडाचं काय झालं, हे लोक डोळ्यांनी बघायचे. ज्यांना मूलबाळ नव्हतं तेही यायचे, कारण पैसे त्यांनीही दिलेले असत.

महाराष्ट्रातही हे घडलं आहे. १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. पुढच्या काही वर्षांत त्यांच्या शाळांच्या परीक्षा जाहीरपणे, लोकांसमोर घेतल्या गेल्या. मुली शिकू शकतात हे ज्यांना पटत नव्हतं त्यांना ते समोर दिसावं म्हणून. त्याच शाळेतली मुक्ताबाई, वय चौदाच्या आसपास, हिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. एका विद्यार्थिनीचं यश चारचौघांत मांडलं जातं तेव्हा ते तिच्या घरापुरतं राहत नाही. गावानं काय मानायचं तेही त्यामुळे बदलतं.

म्हणूनच मंचावर कुणी उभं राहायचं यावरून अमेरिकेत मोठे झगडे झाले. १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मेमी टेप नावाच्या आठ वर्षांच्या चिनी मुलीला शाळेनं प्रवेश नाकारला. आईवडील कोर्टात गेले, १८८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले, आणि शहरानं चिनी मुलांसाठी वेगळी शाळा काढून तो निकाल पोकळ करून टाकला. १९०८ मध्ये क्लीव्हलंडला शहराशहरांच्या संघांचा राष्ट्रीय स्पेलिंग सामना झाला. यजमान संघात मेरी बोल्डन ही कृष्णवर्णीय मुलगी होती. न्यू ऑर्लिन्सकडून तिच्या असण्यावर आक्षेप घेतला गेला. क्लीव्हलंडनं तिला बाहेर काढलं नाही, आणि तिनं एकही शब्द न चुकता सामना जिंकला. १७ मे १९५४ च्या ज्या निकालानं शाळांमधला वंशभेद बेकायदा ठरवला, त्याचं नाव आठवा: ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन. ते बोर्ड म्हणजे कॅन्ससमधल्या टोपेका शहराचं स्कूल बोर्ड. शेजाऱ्यांनी चालवलेली शाळा शेजाऱ्यांना दूरही ठेवू शकते, हे या इतिहासाचं दुसरं अंग आहे. ते विसरून चालणार नाही.

१९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आपली माणसं मोठ्या संख्येनं इथे आली तेव्हा हे झगडे दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी आधीच लढून ठेवले होते. आपल्या मुलांना दार उघडं मिळालं आणि त्यांनी त्याचं सोनं केलं. १९२५ मध्ये नऊ वर्तमानपत्रांनी मिळून सुरू केलेली राष्ट्रीय स्पेलिंग बी १९८५ मध्ये बालू नटराजन यांनी जिंकली, ते पहिले भारतीय वंशाचे विजेते. २०१९ मध्ये आठ जणांना विजेतेपद विभागून द्यावं लागलं, त्यातले सात भारतीय वंशाचे होते.

मात्र या मधल्या काळात डिस्ट्रिक्ट बदललं. १९३९-४० मध्ये अमेरिकेत सुमारे १,१७,००० स्कूल डिस्ट्रिक्ट होती. आज ती साधारण १३,००० आहेत. रस्ते झाले, पिवळ्या बस आल्या, मोठी हायस्कूलं बांधली गेली, आणि छोट्या शाळा एकमेकींत विलीन झाल्या. मुलांना प्रयोगशाळा मिळाल्या, वाद्यवृंद मिळाले, वेगवेगळ्या विषयांचे शिक्षक मिळाले. पण शेगडीला लाकूड नेऊन देणारा माणूस आता वर्षातून ठरल्या वेळी प्रॉपर्टी टॅक्स भरतो आणि मोकळा होतो. भाड्यानं राहणाराही तो टॅक्स भाड्यातून भरतच असतो.

एक गोष्ट मात्र जुन्या काळातून जवळजवळ तशीच उरली आहे. ती म्हणजे स्कूल बोर्ड. बहुतेक ठिकाणी परिसरातल्या लोकांनी निवडून दिलेली पाच, सात किंवा नऊ माणसं, अनेकदा बिनपगारी, महिन्यातून एक-दोनदा उघड्या सभेत बसून शाळा कशी चालवायची ते ठरवतात. तुमच्यापैकी अनेकांनी ही सभा पाहिली आहे. निदान तिची पहिली वीस मिनिटं.

कारण अनेक डिस्ट्रिक्टमध्ये बोर्डाच्या सभेची सुरुवात विद्यार्थ्यांच्या सत्कारानं होते. रोबोटिक्सचा संघ, बुद्धिबळाचा संघ, राज्यपातळीवर निवडलेली व्हायोलिनवादक. नावं पुकारली जातात, सर्टिफिकेट दिलं जातं, फोटो होतात, आपण जोरात टाळ्या वाजवतो. मग अध्यक्ष म्हणतात, ज्यांना निघायचं असेल त्यांनी आता निघायला हरकत नाही. आणि खुर्च्या सरकवत जवळजवळ सगळं सभागृह रिकामं होतं. उरलेल्या आठ-दहा लोकांसमोर पुढचा विषय निघतो: पुढच्या वर्षीचं बजेट. कुठल्या शाळेतला संगीताचा शिक्षक राहणार, उशिराची बस चालू राहणार की बंद होणार, सल्लागारामागे किती मुलं असणार. ज्या यशाचा सत्कार पंधरा मिनिटांपूर्वी झाला ते यश पुढच्या मुलांना मिळणार की नाही, हे नेमकं आपण पार्किंग लॉटमध्ये असताना ठरतं.

तुम्ही म्हणाल, आम्हाला मताचा अधिकार कुठे आहे? खरं आहे. आपल्यातले कितीतरी जण ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं उभे आहेत. मूल बालवाडीतून हायस्कूलमध्ये जातं, टॅक्स भरला जातो, पण मतपत्रिका येत नाही. या दुःखाला हसून सोडून देण्यात अर्थ नाही. तरीही बोर्डाची सभा सर्वांसाठी खुली असते, आणि बहुतेक ठिकाणी नागरिकांच्या बोलण्यासाठी राखून ठेवलेली दोन-तीन मिनिटं मिळायला तिथे राहत असणं पुरतं. काही शहरं याच्याही पुढे गेली आहेत. शिकागोत १९८८ च्या कायद्यानं शाळाशाळांच्या लोकल स्कूल कौन्सिल आल्या. त्यात पालक नागरिक असोत नसोत, मत देऊ शकतात आणि उभेही राहू शकतात. सॅन फ्रान्सिस्कोनं २०१८ पासून नागरिक नसलेल्या पालकांनाही स्कूल बोर्डासाठी मतदान करू दिलं. आणि जे आता नागरिक झाले आहेत त्यांनी आठवून बघावं, गेल्या वेळी मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षांच्या नावाखाली, अगदी तळाशी, स्कूल बोर्डाच्या उमेदवारांपर्यंत आपली नजर पोचली होती का?

मताशिवायही लोकांनी शाळा घडवल्या आहेत. १८९७ मध्ये वॉशिंग्टनला ॲलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट यांनी मातांची परिषद भरवली, तिचीच पुढे पीटीए झाली. तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक बायकांना मताचा अधिकार नव्हता. दक्षिणेत कृष्णवर्णीय पालकांना गोऱ्यांच्या संघटनेत जागा नव्हती, म्हणून सेलेना स्लोन बटलर यांनी त्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली, आणि १९७० मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या. या बायका उठून गेल्या नाहीत, एवढं आपण त्यांच्याकडून नक्की घेऊ शकतो.

शेवटी आपल्या भाषेचं एक काम सांगते. कॅलिफोर्नियात स्थलांतरितांच्या मुलांसाठी झटणाऱ्या पालक-शिक्षकांच्या संघटनांनी आग्रह धरला, आणि २०११ मध्ये तिथे कायदा झाला: जो विद्यार्थी इंग्रजीबरोबर दुसरी एखादी भाषा चांगली बोलू-लिहू शकतो त्याच्या डिप्लोमावर तशी मोहोर उमटवायची. तिला सील ऑफ बायलिटरसी म्हणतात. आज ती जवळपास सगळ्या राज्यांत मिळते, आणि घरात बोलली जाणारी भाषाही तिच्यासाठी चालू शकते. प्रश्न एवढाच की तुमच्या डिस्ट्रिक्टच्या यादीत मराठी आहे का, आणि तिची परीक्षा कशी घेतली जाते. रविवारच्या मराठी शाळेत वर्षानुवर्षं बाराखडी गिरवलेल्या मुलीचं नाव त्या मंचावरून पुकारलं जावं असं वाटत असेल, तर हा प्रश्न कुणीतरी बोर्डासमोर उभं राहून विचारायला हवा. पाच घरं मिळून गेलात तर आणखी चांगलं.

तर मंडळी, यंदाच्या समारंभाला जरूर जा, नवा कुर्ता घाला, आजी-आजोबांना पुढच्या रांगेत बसवा. आपल्या मुलाचं नाव झाल्यावर पुढच्या मुलासाठीही, ज्याचं आडनाव आपल्याला नीट उच्चारता येत नाही त्याच्यासाठीही, तेवढ्याच जोरात टाळ्या वाजवा. आणि अध्यक्षांनी 'निघायला हरकत नाही' म्हटलं की एक दिवस बसून राहा. मुलांना बरोबर बसवून घ्या. कंटाळा येईल, आकडे कळणार नाहीत, पण डिस्ट्रिक्ट म्हणजे कोण, हे त्यांना तिथेच दिसेल.

तुमच्या डिस्ट्रिक्टच्या सभेत काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.